घोडा पास, बोकड नापास

ज्यांनी कमीत कमी बोलायचं ठरवलंय, नेमक्या त्यांच्याच बिअरवर जगात सगळ्यात जास्त बोललं जातं. बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट मठातले साधू अंधार असताना उठतात, दिवसातून सात वेळा प्रार्थना करतात, मधल्या वेळात हाताने काम करतात आणि गरजेपुरतं तोंड उघडतात. मौनाची शपथ वगैरे ते घेत नाहीत, तो बाहेरच्यांचा गैरसमज. पण शांततेची शिस्त खरी. त्यांची बाटली मठाच्या फाटकाबाहेर पडली, की ती उघडणाऱ्याला जो कंठ फुटतो तो दुसरी बाटली संपेपर्यंत मिटत नाही.

मी जन्मभर नाशिकच्या एका शाळेत दहावीला मराठी शिकवलं आणि बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तर येत नसलेला मुलगा पुरवणी का मागतो, हे मला शेवटच्या बाकावरून नुसता हात वर आला तरी कळतं. त्यामुळे लूव्हेनला भाच्याकडे गेलो असताना तो म्हणाला, "मामा, शनिवारी आपण एक खास बिअर टेस्ट करणार आहोत," तेव्हा मी सावध झालो.

"टेस्ट करणार म्हणजे? पिणार नाही का?"

"पिणार ना. पण आधी बोलणार."

भाचा तिथे चिपांच्या संशोधनात आहे. मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाबद्दल बोलताना तो इतका जपून बोलतो की वाक्य पूर्ण करायलाही घाबरतो. बिअरबद्दल बोलताना ही सावधगिरी कुठे जाते, कळत नाही.

बिअर होती शिमेची ग्रांद रेझर्व्ह, आणि तीही लाकडी पिंपात मुरवलेली. शिमे हे बेल्जियमच्या दक्षिणेचं, फ्रान्सच्या सीमेजवळचं गाव. तिथला स्कूरमोंचा मठ १८५० मध्ये स्थापन झाला आणि १८६२ पासून तिथे बिअर बनते. ग्रांद रेझर्व्ह म्हणजे निळ्या लेबलची शिमे. सुरुवातीला ती नाताळापुरती केली होती. लोकांनी नाताळ संपल्याचं मान्य केलं नाही. ही गडद, जड बिअर ९ टक्क्यांची. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून जिची कुजबूज होते ती ८ टक्क्यांच्या आतच राहते. शिवाय यातली काही बिअर मठवाले कोन्याक, रम, व्हिस्की अशा दारूच्या रिकाम्या पिंपांत कोंडून ठेवतात, आणि ती बाहेर येते तेव्हा १०.५ टक्क्यांची झालेली असते. काही लाकडात जिरलेल्या दारूमुळे, काही पुन्हा आंबल्यामुळे. नुसतं कोंडून ठेवल्याने दीड टक्का वाढलेला विद्यार्थी मी तरी पाहिलेला नाही.

आमच्या वाट्याला आलेली कोन्याकच्या पिंपातली होती. आता गंमत अशी की हे साधू स्वतःच्या जेवणाबरोबर यातलं काही घेत नाहीत. त्यांची पंगतीतली बिअर म्हणजे 'दोरे' नावाची फिकट, ४.८ टक्क्यांची. कितीतरी वर्षं ती मठातल्या लोकांना आणि पाहुण्यांनाच मिळायची. म्हणजे जड बाटल्या जगाला द्यायच्या, त्यावर आलेल्या पैशातून मठाची डागडुजी आणि दानधर्म करायचा, आणि आपण हलकं पिऊन लवकर झोपायचं. व्यवहार आणि अध्यात्म यांची इतकी सुबक सांगड मी आजवर फक्त काही निवडक देवस्थानांतच पाहिली आहे.

शनिवारी संध्याकाळी भाच्याचा एक फ्लेमिश सहकारी आला. उंच, मितभाषी, दिसायला गणिताचा मास्तर. मला तो लगेच आवडला. भाचेसुनेने चीजचे चौकोनी तुकडे, मोहरीची चटणी आणि सेलेरीचं मीठ मांडलं, आणि त्याच्या शेजारी मी नाशिकहून नेलेला चिवडा. भाच्याने बाटलीचं बूच काढलं. मी हातातला ग्लास पुढे केला. खोलीत एकदम शांतता झाली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला होता.

बेल्जियममध्ये प्रत्येक बिअरला तिचा स्वतःचा पेला असतो आणि याबाबतीत तडजोड होत नाही. २०१० आणि २०११ मध्ये या देशाला ५४१ दिवस रीतसर सरकार नव्हतं. फ्लेमिश आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचं एकमत होईना. लोक शांतपणे कामावर जात-येत राहिले. पण शिमे ओर्व्हाल नावाच्या दुसऱ्या बिअरच्या पेल्यात आली असती तर त्याच लोकांनी काय केलं असतं, सांगता येत नाही. क्वाक नावाच्या एका बिअरचा पेला खाली गोल असल्यामुळे टेबलावर उभाच राहत नाही, तर त्याला उभं राहण्यासाठी लाकडाची चौकट दिलेली असते. पेला बदलावा असं कुणालाही सुचलेलं नाही. गेंटमधल्या 'दुल्ले ग्रीट' या जुन्या कॅफेत तर सव्वा लिटरच्या आसपासचा भला मोठा पेला मागितला की अनामत म्हणून पायातला एक बूट काढून द्यावा लागतो. तो टोपलीत घालून दोरीने छताला चढवतात. पेला परत दिला की बूट खाली येतो. वर्गात मी आयुष्यात बॅटी जप्त केल्या, भोवरे जप्त केले, पुढे मोबाइल जप्त केले. एक बूट जप्त करायची कल्पना मला कधीच सुचली नाही. मधल्या सुट्टीनंतर पळणारी अर्धी मुलं टळली असती.

तर शिमेच्या पेल्यात, खाली रुंद बूड आणि वर पसरट तोंड असलेल्या त्या जाड काचेत, बिअर हळूहळू ओतली गेली. तळाचा यीस्टचा गाळ बाटलीतच राहू दिला. काळपट तपकिरी रंग; खिडकीसमोर धरली तर कडेला डाळिंबी झाक. वर बदामी रंगाचा दाट फेस. इथपर्यंत आमचं तिघांचं एकमत होतं. मग आम्ही पेल्यात नाकं घातली.

"सुकवलेले अलुबुखार," फ्लेमिश पाहुणा डोळे मिटून म्हणाला. थांबला. "स्पेक्युलोस." म्हणजे ते दालचिनी घातलेलं त्यांचं तपकिरी बिस्किट. आणखी थांबला. "माझ्या आजीचं कपाट."

मी त्याला मनात पैकीच्या पैकी दिले. आजी त्याची, कपाट तिचं. परीक्षकाने त्यात लुडबूड करू नये.

भाच्याने फोन उलटा ठेवला, म्हणजे त्याने आधीच वाचून ठेवलं होतं. "चामडं," तो म्हणाला. "पाइपची तंबाखू. जुन्या ग्रंथालयातलं ओक लाकूड."

या मुलाचं लहानपण माझ्या डोळ्यांसमोर गेलं. पाइप ओढणारा माणूस त्याने फक्त सिनेमात पाहिला. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात तो उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचा, पण तिथे लोखंडी मांडण्या होत्या आणि वास डांबराच्या गोळ्यांचा यायचा. गाइडमधून पाठ केलेलं उत्तर असं लगेच ओळखू येतं: वाक्यं सुरेख असतात आणि त्यांत मुलगा कुठेच नसतो.

"मामा, तुम्हाला काय येतंय?"

मी पुन्हा हुंगलं. खारीक आली. मनुका आल्या. गूळ आला, तोही चुलीवर जरा जास्त राहून कडेला लागलेला. जायफळ. त्यामागून सुकं खोबरं, भाजलेलं. मी चष्मा काढला, कारण उत्तर समोर होतं आणि मला ते लिहायची लाज वाटत होती.

"हा डिंकाचा लाडू आहे," मी म्हणालो.

भाचेसून हसली आणि लगेच पेला उचलून हुंगायला लागली. "खरंच की हो मामा! फक्त डिंक नाहीये."

भाच्याला हे पाहुण्याला इंग्रजीत समजावायला बराच वेळ लागला. डिंक म्हणजे झाडाचा चीक, तो तुपात फुलवायचा, मग खारकेची पूड, खोबरं, खसखस, गूळ, थंडीत खायचा, आणि मुख्य म्हणजे बाळंतिणीला देतात. पाहुण्याने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळंतिणीला? साडेदहा टक्के?"

माझं उत्तर हास्यास्पद असलं तरी चुकलेलं नव्हतं, आणि याचा खुलासा त्या पाहुण्यानेच केला. या जातीच्या गडद बेल्जियन बिअरमध्ये बीटच्या साखरेचा शिजवून काळा केलेला पाक घालतात. काकवी, मनुका, खारीक यांचा भास होतो तो बराचसा त्या पाकामुळे आणि भाजक्या माल्टमुळे. लवंगेसारखं जे नाकात टोचतं ते बेल्जियन यीस्ट तयार करतं. तेच यीस्ट पिकल्या केळ्याचा वासही सोडतं. आणि खोबरं? ते लाकडातून. ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांचा वास थेट खोबऱ्याचा. व्हॅनिला येतो तोही ओकमधूनच. थोडक्यात माझ्या आईने डब्यात जे भरून दिलं असतं त्याची रसायनं बेल्जियन साधूंनी वेगळ्या वाटेने गोळा केली होती. पाहुणा त्याच्या आजीच्या कपाटात शिरला, मी आईच्या स्वयंपाकघरात. भाचा मात्र एकटा दुसऱ्याच्या ग्रंथालयात हिंडत राहिला.

यानंतर मला एक तक्ता दाखवण्यात आला. मॉर्टन माइल्गार्ड नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बिअरच्या वासांचं आणि चवींचं एक चक्र तयार केलं, की बिअर बनवणाऱ्यांनी जगभर एकाच भाषेत बोलावं. हेतू उत्तम. फळं, फुलं, भाजका वास, धान्य, गवत असं सगळं नीट वर्गवारी करून लावलेलं. पण जरा खोलात गेलात की मांजर भेटतं. पुढे बोकड भेटतो. ओला पुठ्ठा भेटतो, म्हणजे जुनी होऊन हवा लागलेली बिअर. बोकडाचा वास हा दोष, मांजराचा बहुतेकदा दोष, पुठ्ठ्याला तर नापासच करायचं.

"आणि घोडा?" मी विचारलं, कारण भाच्याने मघाशी शेजारच्या बाटलीबद्दल बोलताना घोड्याच्या पाठीवरच्या घोंगड्याचा उल्लेख केला होता.

"घोडा चांगला," दोघेही एकदम म्हणाले.

घोड्याचं कारण ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक रानटी यीस्ट. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये त्याला नाव दिलं. हे पिंपाच्या लाकडाच्या बारीक छिद्रांत ठाण मांडून बसतं आणि इतर यीस्टना पचत नाही ती साखर सावकाश खात राहतं. त्यातून तबेल्याचा, घामेजल्या घोंगड्याचा वास तयार होतो. ओर्व्हालच्या मठात ते मुद्दाम घालतात आणि लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आमच्या पिंपातल्या शिमेत घोडा नव्हता. भाच्याने एकदा शोधून पाहिला. मी त्याला तक्ता बंद करायला सांगितलं. निकष कसे ठरतात हे मला बोर्डाने कधीच सांगितलं नाही आणि माइल्गार्डच्या चक्रातही ते सापडलं नाही: घोडा पास, बोकड नापास, आणि फेरविचाराची सोय नाही.

बिअरवर एवढ्या पुरवण्या जगात आल्या कुठून, याचा दोष थोडा एका इंग्रज पत्रकाराकडे जातो. त्याचं नाव मायकेल जॅक्सन. तो नाचत नसे. तो लिहीत असे. १९९१ मध्ये त्याने बेल्जियमच्या थोर बिअरवर पुस्तक लिहिलं आणि बाहेरच्या जगाला कळलं की या चिमुकल्या देशात बिअर हा वाइनइतका गंभीर विषय आहे. तो स्वतः मोजकं लिहायचा आणि पेल्यात असेल तेवढंच लिहायचा. २००७ मध्ये तो गेला. चेल्यांनी मात्र निबंध धरला. नाशिकचा असल्यामुळे द्राक्षमळ्यांतल्या टेस्टिंगची भाषा माझ्या कानांना नवी नव्हती; तिथेही मुंबईहून आलेली मंडळी पेला गोल फिरवतात आणि 'मिनरल' म्हणतात. पण वाइनवाला तीन विशेषणांवर थांबतो. बिअरवाला भूतकाळात शिरतो.

एव्हाना मी पहिला घोट घेतला होता, कुणाला न विचारता. आणि सांगतो, माझी पहिली प्रतिक्रिया चांगली नव्हती. फ्रिजमधून नुकती आलेली ती बिअर गार होती आणि गार असेपर्यंत फक्त पिंप बोलत होतं. व्हॅनिला, व्हॅनिला, त्यावर कोन्याकची एक तिखट ऊब, मग जिभेच्या कडेला सुपारी चघळल्यासारखा तुरटपणा. मूळ बिअर कुठे तरी मागे उभी होती, बोलायची संधी मिळत नसल्यासारखी. वर्गात असा एक मुलगा असतोच: प्रश्न शेजारच्याला विचारलेला असतो आणि उत्तर हा देतो.

पिंपांचा हा आगाऊपणा समजून घ्यायचा तर पिंपाचं अर्थकारण बघावं लागतं. जगातल्या बिअरवाल्यांच्या हाती येणारी बरीच पिंपं अमेरिकेतल्या बर्बनची असतात. तिथला कायदा सांगतो की बर्बन नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या भांड्यातच ठेवली पाहिजे. एकदा वापरलं की ते सुमारे दोनशे लिटरचं दणकट पिंप बर्बनवाल्यांच्या दृष्टीने निकामी. मग ती पिंपं स्कॉटलंडला जातात, तिथे त्यांत व्हिस्की भरतात. काही बिअरकडे येतात. फ्रान्समधल्या कोन्याकच्या पिंपांचं आयुष्य जरा खानदानी असतं, पण शेवटी त्यांच्याही वाट्याला बिअर येते. पिंपात ठेवलेल्या दारूतला थोडा भाग लाकडातून उडून जातो, त्याला पाश्चात्त्य लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. शाळेच्या खिचडीच्या पोत्यांतून जो वाटा उडून जायचा त्याला आम्ही असलं हळवं नाव कधी दिलं नाही. आमचे देवदूत सायकलवरून यायचे.

पण पेला हातात धरून बसलो, चीज खाल्लं, चिवडा खाल्ला, पाहुण्याने चिवड्यातली कढीपत्त्याची पानं वेगळी काढून एका रांगेत लावली आणि मग एकेक करून खाल्ली, तोवर अर्धा तास गेला. बिअर कोमट नाही, पण फ्रिजची राहिली नाही. आणि मग ती बोलायला लागली. व्हॅनिला मागे सरकला. आधी गोड वाटलेलं खरं तर गोड नव्हतंच. जिभेवर ते खजुरासारखं सुरू होत होतं आणि गिळताना कडवट चॉकलेटसारखं कोरडं होत होतं. लवंगेचा एक टोचा, थोडी मिरपूड, मग छातीपर्यंत सावकाश उतरणारी ऊब. मद्याचा झणका कुठेही नाही. साडेदहा टक्के नुसते कागदावर. यातच धोका आहे, हे मला सोफ्यावरून उठताना कळलं. गडद, जड आणि हॉपची कडवटी कमी असलेल्या या बिअरना मुरणं मानवतं ते याचसाठी: अंगात मद्य भरपूर असल्याने त्या टिकतात, आणि लाकडातून झिरपणाऱ्या थोड्याशा हवेने त्यांना शेरीसारखी जुनी, सुक्या मेव्याची चव येते. हलकी बिअर त्याच हवेने पुठ्ठा होऊन बसते. हवा तीच, पिंप तेच. एकाला ती मानवते, दुसरा त्याच हवेने वाया जातो. त्याच गल्लीत राहणाऱ्या सख्ख्या भावांची मला उदाहरणं देता येतील, पण दोघेही वाचक आहेत.

"इतकी कडक बिअर करायची यांना गरज काय पडली?" मी विचारलं. पाहुण्याने जो इतिहास सांगितला तो ऐकून मला मुंबई राज्याचीच आठवण झाली. १९१९ मध्ये एमिल व्हांडरव्हेल्ड या समाजवादी पुढाऱ्याच्या पुढाकाराने बेल्जियममध्ये कायदा झाला: कॅफेत कडक दारू विकायची नाही, आणि दुकानातून घ्यायची तर एकदम दोन लिटरच्या खाली नाही. कामगाराने पगाराच्या दिवशी जिन पिऊन पैसे उडवू नयेत हा उद्देश. कामगाराला दोन लिटरचे पैसे एकदम परवडेनात, हे बरोबर. पण कॅफेत बिअरला बंदी नव्हती. बिअर बनवणाऱ्यांनी कायद्याचा पूर्ण आदर राखून बिअरच कडक केली. कायदा १९८३ पर्यंत टिकला. कडक बिअर अजून टिकून आहे. सरकारने दारू थांबवायला जावं आणि लोकांनी तीच वेगळ्या बाटलीत भरावी, या बाबतीत युरोप आपल्यापेक्षा पुढे आहे असं समजायचं कारण नाही.

मी त्यांना आमच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याची गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात अजूनही पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो मिळतो तो आरोग्य राखण्यासाठी. पाहुण्याला हे पटेना. "म्हणजे सरकारच्या मते तुम्ही औषध म्हणून पिता?" मी म्हटलं, कागदोपत्री तसंच. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तो लाडू खरोखर बरोबर होता," तो म्हणाला. फ्लेमिश माणूस हळू बोलतो, पण आधी बोललेलं विसरत नाही.

मग विषय अपरिहार्यपणे वेस्टव्हलेटेरेनकडे गेला. स्कूरमोंच्या मठाचा मूळ संसार तिथला. १८५० मध्ये तिथूनच साधू शिमेला गेले. वेस्टव्हलेटेरेनची '१२' नंबरची गडद बिअर २००५ मध्ये इंटरनेटवरच्या शौकिनांनी जगातली सर्वोत्तम ठरवली आणि मठाच्या दारात मोटारींची रांग लागली. साधूंनी यावर जे केलं ते कुठल्याही व्यवस्थापन महाविद्यालयात शिकवलं जाणार नाही: त्यांनी उत्पादन वाढवलं नाही. फोन करून वेळ घ्यायची, गाडीचा नंबर सांगायचा, ठरल्या वेळी येऊन क्रेट घ्यायचा आणि पुढे विकायचा नाही. २०१९ मध्ये फोनची जागा संकेतस्थळाने घेतली. २०१२ मध्ये मात्र इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते, तेव्हा त्यांनी सहा बाटल्या आणि दोन पेल्यांचे खोके परदेशातही विकले. गरज भागली, विक्री थांबली. आणि कितीतरी वर्षं त्या बाटलीवर लेबलच नसायचं. जे काही सांगायचं ते बुचावर. ज्या बाटलीवर एक वाक्य नाही, तिच्यावर जगभर लोकांनी वह्याच्या वह्या भरल्या. उत्तर लिहिणाऱ्याने कोरा कागद दिला आणि परीक्षकांनी त्यावर प्रबंध लिहिले, असा हा प्रकार.

"चला, गुण द्या आता," भाचा म्हणाला आणि त्याने छापील गुणपत्रकं काढली. अमेरिकेतल्या बीजेसीपी नावाच्या बिअर परीक्षकांच्या संस्थेचं हे पत्रक. एकूण ५० गुण: वास १२, रूप ३, चव २०, तोंडात जाणवणारा जडपणा वगैरे ५, आणि एकूण मत १०. मला भरून आलं. चवीला वीस आणि रूपाला फक्त तीन, इतकी न्याय्य गुणविभागणी मी लग्नाच्या बाजारातही पाहिली नव्हती. पिंपात गेलेल्या बिअरचा वर्गही बदलतो. बेल्जियन गडद कडक बिअर म्हणून ती २६-डी मध्ये बसते, पण दारूच्या पिंपातून आली की ३३-बी. तुकडी बदलली की निकष बदलतात, हेही ओळखीचं होतं.

पेन हातात आल्यावर मला वयाचा विसर पडला. भाच्याने ४७ दिले. पाहुण्याने ४६. मी वासाला १२ पैकी १०, रूपाला अडीच, चवीला १५, जडपणाला ४, एकूण मताला साडेसात, असे मिळून ३९ दिले आणि खाली लाल शाईने, कारण माझ्या खिशात तेच पेन असतं, शेरा लिहिला: 'आशय चांगला. पिंपाने मध्ये मध्ये बोलू नये.'

पाहुण्याने गुण पाहिले. चवीचे कापलेले पाच त्याने निमूट मान्य केले. एकूण मताबद्दलही काही बोलला नाही. त्याचा आक्षेप रूपातल्या अर्ध्या गुणावर होता.

"अर्धा का कापला?"

"फेस गेलाय," मी म्हटलं. "उत्तरपत्रिका जशी आहे तशी तपासायची असते."

"ओतली तेव्हा फेस होता. तो गेला कारण आपण तासभर बोलत होतो. यात बिअरची काय चूक?"

मुद्दा बिनतोड होता. पण बोर्डात मुद्दा बिनतोड असून भागत नाही. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे गुणपडताळणीसाठी लेखी अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी शुल्क भरावं लागतं. तो विचारात पडला. मग उठून स्वयंपाकघरात गेला, तिथे त्याने येताना आणलेली पिशवी खळखळली, आणि तो रोशफोर १० ची बाटली घेऊन आला. ११.३ टक्के. भाचेसुनेने रोशफोरचा पेला काढून दिला, कारण शिमेच्या पेल्यात ती ओतायचा प्रश्नच नव्हता.

शुल्क मी स्वीकारलं. अर्धा गुण वाढवला नाही. पडताळणीचं शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाही, हा नियम मी त्याला बाटली निम्मी झाल्यावर सांगितला.